पांडुरंगरावांचा आग्रह

बीदरच्या नौबादेत पांडुरंगरावांचं घर कुठलं म्हणून विचारलंत तर कुणीही दाखवील, पण दाखवताना जरा हसेल. त्या हसण्यात वाईट काही नाही. माणूस नामांकित आहे, फक्त ज्या गुणासाठी नामांकित आहे तो गुण कुठल्या फॉर्मवर भरता येत नाही. आठ वर्षांपूर्वी इनामदारांच्या संस्थेच्या हायस्कुलातून ते हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले, ती त्यांची नोकरी. खरं काम वेगळंच होतं. पांडुरंगराव आग्रह करायचे.

बाहेरच्या माणसाला हे जरा उलगडून सांगावं लागतं. आमच्या बीदर-कलबुर्गीकडं पहिल्या बोलीला हो म्हणणं हा अडाणीपणा समजतात. पंगतीत पोळी घेऊन वाढपी आला की माणूस पानावर हात आडवा धरतो आणि "नको नको, लई झालं" म्हणतो. दुसऱ्यांदा विचारलं की "बरं, अर्धी वाढा." तिसऱ्यांदा हात आपोआप मांडीवर जातो आणि पोळी अख्खी पडते. पहिल्याच झटक्याला हात काढणाऱ्याला हावरा म्हणतात. आणि जो वाढपी पहिल्या "नको"वर पुढं सरकतो, त्याच्या घरचं लग्न लोक पंधरा वर्षं तोंडी लावायला घेतात.

इनामदारांनी पंगतीतला हा नियम अध्यक्षपदाला लावला होता. बापूसाहेब इनामदारांनी निजाम गेल्यावर दोन-तीन वर्षांत संस्था काढली. तेव्हा ज्यानं एक पोतं ज्वारी दिली तो आजीव सभासद झाला, आणि सभासदत्व वारसाला जाईल असा नियम झाला. आज संस्थेचं बीदरात हायस्कूल आहे, कॉलेज आहे, बसवकल्याण तालुक्यात कोहिनूरला एक मराठी शाळा आहे, आणि सभासद हजारावर गेलेत. त्यांत वकील आहेत, मास्तर आहेत, दुकानदार आहेत, खेड्यापाड्यांतले शेतकरी आहेत. दर पाच वर्षांनी अध्यक्ष या सभासदांनी मतं टाकून निवडायचा, असं घटनेत छापलेलं आहे. छापलेलं आहे एवढंच. कारण इनामदार कधी अर्ज भरतो म्हणत नसत. सभासदांनी त्यांच्या दिवाणखान्यात जायचं, विनंती करायची, त्यांनी दोन वेळा नको म्हणायचं, तिसऱ्या वेळी बोलणं थांबवून नुसतं खाली बघायचं. खाली बघितलं की हार आत यायचा. एवढ्या मिनतवाऱ्या करून बसवलेल्या माणसासमोर दुसरा अर्ज कोण भरणार? सत्तर वर्षांत हजार मतदारांना एकदाही मत द्यायची पाळी आली नव्हती.

पांडुरंगराव या कामात शिरले ते अपघातानं. तेविसाव्या वर्षी ते संस्थेत टेम्परवारी कारकून होते आणि दिवाणखान्यात पाण्याचे गिलास फिरवत होते. बापूसाहेबांनी नेहमीसारखं "आता पुरे, दुसरं कुणी बघा" म्हटलं आणि सगळे गप्प बसले. दुसऱ्यांदा आग्रह करणारे म्हातारे वकील त्याच वर्षी वारले होते आणि त्यांच्या जागी कुणाला नेमायचं हे कुणाच्या ध्यानात नव्हतं. बापूसाहेबांच्या कपाळावर घाम आला. ते बघवेना म्हणून गिलासांचं तबक हातात धरूनच पांडुरंगराव बोलून गेले, "मालक, असं म्हणून कसं चालंल? तुमच्याबगर संस्थेकडं बघायचं कुणी?" दिवाणखान्यातल्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तिसऱ्यांदाही तेच बोलले. पुढच्या महिन्यात त्यांची नोकरी पक्की झाली.

तेव्हापासून ते काम त्यांच्याकडंच. बापूसाहेबांमागं त्यांचे चिरंजीव अण्णासाहेब आले, तरी आग्रह पांडुरंगरावांचाच राहिला. त्यांनी त्यात मेहनत घेतली हो. दुसऱ्या आग्रहाला आवाजात जरासा रुसवा, तिसऱ्याला डोळ्यांत थोडं पाणी, आणि पाणी पुसायच्या आत गप्प व्हायचं. नकाराचंही त्यांना सगळं कळायचं. कुठला नकार शेवटचा आणि कुठला नुसता रीतीचा हे ते समोरच्याच्या आवाजावरून सांगायचे. सोयरिकीच्या बैठकीत लोक त्यांना मुद्दाम नेत. बायको सुमतीबाई मात्र म्हणायच्या, "जगाला वाढायलेत, घरचं पान रिकामं."

घरचं पान म्हणजे लेक सुकन्या. एम.एस्सी. झालेली, केमिस्ट्रीची, संस्थेच्याच कॉलेजात नऊ वर्षं टेम्परवारी. दर जूनला दहा महिन्यांचा कागद हातात पडायचा आणि एप्रिलला संपायचा. तिच्या मागून आलेली दोघं पक्की झाली. त्यांतली एक अण्णासाहेबांच्या भाच्याची बायको होती, तिला शिकवायचं जमत नव्हतं म्हणून तिचे तास सुकन्याच घ्यायची. छत्तीस वर्षांची झाली पोर. लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, "आधी आर्डर येऊ द्या अप्पा, मग बघू." पांडुरंगराव अण्णासाहेबांकडं जाऊन दर वर्षी विनंती करायचे, आणि तिथं मात्र त्यांचा आग्रह चालायचा नाही. "बघू की पांडुरंगराव," अण्णासाहेब म्हणायचे, "आपलीच पोर आहे." आपली म्हटल्यावर पुढं बोलायचं काय? पांडुरंगराव चहा पिऊन परत यायचे.

यंदा अण्णासाहेबांचे गुडघे पार गेले. त्यांचा मुलगा विजयेंद्र बेंगळुरात कसलीशी कंपनी काढून, ती बंद करून, वर्षापूर्वी बीदरला आला होता. पेपरात बातमी आली, 'विजयेंद्र इनामदार अध्यक्षपदासाठी उभे राहणार?' खाली विजयेंद्रांचं म्हणणं, की आपण काही ठरवलेलं नाही, सभासदांच्या मनात काय आहे ते महत्त्वाचं. बातमीतल्या त्या प्रश्नचिन्हाकडं बघून अख्खं बीदर गालातल्या गालात हसलं. दुसऱ्याच दिवशी अण्णासाहेबांनी पांडुरंगरावांना बोलावलं.

"विजूच्या मनात नाही," अण्णासाहेब म्हणाले. "पण लोकांच्या मनात काय आहे ते बघायला पाहिजे. तुम्ही जरा हिंडून या. पन्नासेक माणसं रविवारी घरी घेऊन या. बाकी तुम्हाला सांगायला नको."

"व्हय मालक."

"आणि सुकन्याचं या खेपेला करूनच टाकू. आदेश टाइप करून ठेवतो. सही तेवढी नव्या अध्यक्षाची लागेल."

पांडुरंगराव तिथून निघाले ते चालत घरी आले, रिक्षा करायचं सुचलंच नाही. सुमतीबाईंना त्यांनी दारातूनच सांगितलं. सुकन्यानं ऐकलं आणि नुसतं "बरं" म्हणाली. त्या रात्री ती स्वयंपाक करताना काहीतरी गुणगुणत होती, हे दोघांनीही ऐकलं आणि एकमेकांना बोलून दाखवलं नाही. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिला गुणगुणताना ऐकलं होतं.

सकाळी वही घेऊन पांडुरंगराव बाहेर पडले. पहिले गेले वीरभद्रप्पांकडं. वीरभद्रप्पांचं बीदरच्या बाजारात कापडाचं दुकान, सभासदत्व आजोबांचं. गल्ल्यावरून उठून त्यांनी हात जोडले आणि कन्नडात म्हणाले, "आगली री, बहळ संतोष." म्हणजे व्हावं, फार आनंद आहे. वीरभद्रप्पांचं कन्नड स्टेजवरचं असतं, ते ऐकून पांडुरंगरावांचं समाधान झालं नाही. ते उभेच राहिले. मग वीरभद्रप्पांनी त्यांना कपाटांच्या मागं नेलं आणि आपल्या दखनीत उतरले, "रावसाब, दिल की बोलूं क्या? नक्को. उस पोट्टे कू संस्था क्या समझती? लेकिन तुम्हारी बेटी का काम अटकेला है, मालूम है मेरे कू. मैं आतूं. बेफिकर रहो."

पांडुरंगरावांनी वहीत त्यांच्या नावापुढं लिहिलं, अनुकूल.

नौबादेतच मल्लेश्वरी बाई राहतात, रिटायर हेडमास्तरीण, सुकन्याला शाळेत शिकवलेल्या. त्यांनी चष्मा पुसून सरळ सांगितलं, "हे बघा, तो मुलगा माझ्या हाताखालून गेलेला नाही, त्याला काय येतं मला माहीत नाही. गेल्या महिन्यात मला भेटला, मला म्हणाला, तुमचं वय झालं, आता आराम करा. मी त्याला विचारलं नव्हतं. पण सुकन्या माझी विद्यार्थिनी आहे. तिच्यासाठी येते मी." पांडुरंगरावांनी लिहिलं, अनुकूल.

असं करत करत गुरुवारी ते बस धरून कोहिनूरला गेले. तिथं अंबाजी शेतकरी, त्यांचं शेत गावाला लागून. तूर कापून खळ्यावर टाकली होती आणि अंबाजी तिच्यावर राखण बसले होते. कोहिनूरच्या मराठी शाळेत त्यांची नात मंजुश्री चौथीला होती. पांडुरंगरावांनी विषय काढला.

"मार्चात आलते विजयेंद्रसाब," अंबाजी म्हणाले. "गाडीतून खाली उतरले न्हाईत. काचंतून पोरं मोजले. बावीस भरले. म्हणले, एवढ्यासाठी शाळा कामून चालवायची, बंद करू. माझी नात तवा गाडीजवळच हुभी होती, तिलाबी मोजलं त्येनी."

पांडुरंगरावांना हे माहीत नव्हतं. त्यांनी वही मिटली.

"माझ्या आज्यानं एक पोतं जवारी घातली संस्थेत," अंबाजी म्हणाले. "त्या साली आमच्या घरी खायाला न्हवती म्हणत्यात, तरी घातली. त्येचं मला मत हाय. सांगू का, एकदा तरी ते मत कागदावर टाकून बघावं वाटायलंय. कसं वाटतंय बघावं. पण ते जाऊ द्या. तुमची लेक नऊ वरसं झालं लोंबकळायली. तुमची लेक ती माझी लेक. येतो की मी रविवारी. मागं बसून मान हलवतो, चालंल का?"

"चालंल," पांडुरंगराव म्हणाले. अंबाजींनी जाताना त्यांच्या पिशवीत तुरीच्या शेंगा घातल्या. त्यांनी नको नको म्हटलं, तरी तिसऱ्यांदा घातल्याच.

परतीच्या बसमध्ये त्यांनी वही उघडून पहिल्यापासून वाचली. त्रेपन्न नावं, त्रेपन्न वेळा अनुकूल. इतका चांगला कौल चाळीस वर्षांत आला नव्हता. आणि एकेका नावाबरोबर तो माणूस काय म्हणाला होता ते आठवायला लागलं, तसं त्यांच्या ध्यानात आलं की या वहीत विजयेंद्राला एक मत नाही. सगळी मतं सुकन्याला पडली होती. लोकांनी तोंड वाकडं करून, नाक दाबून, पांडुरंगरावांच्या पोरीसाठी एका नको असलेल्या माणसाला हो म्हटलं होतं. पांडुरंगरावांना रडू आलं. आपल्याला लोक इतकं मानतात याचं आलं, की आपण लोकांना कशाला जुंपतोय याचं आलं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. शेजारच्या बाईनं विचारलं, काय झालं काका, तर म्हणाले, डोळ्यात धूळ गेली.

पण अण्णासाहेबांना त्यांनी हे सांगितलं नाही. सगळं अनुकूल आहे, एवढंच सांगितलं. खोटं कुठं होतं ते?

रविवारी दहाला दिवाणखाना भरला. त्रेपन्न सांगितले होते, साठ आले. सगळे पांढरेशुभ्र कपडे करून, मयताला किंवा साखरपुड्याला बसावं तसे ताठ बसले होते. कॉलेजच्या टेम्परवारी लोकांना असल्या कामाला बोलावलेलंच असतं, त्याप्रमाणं सुकन्या दाराशी गुलाबदाणी घेऊन उभी होती. येणाऱ्याच्या अंगावर ती दोन थेंब शिंपडायची आणि प्रत्येकजण आत जाताना तिच्याकडं बघून डोळ्यांनीच काळजी करू नको म्हणायचा. आतल्या खोलीत हार तयार होता. तो किती मोठा असावा हे आदल्या दिवशीच फुलवाल्याला सांगून झालं होतं.

पांडुरंगरावांनी पहिली विनंती केली. चांगली झाली. बापूसाहेबांपासून सुरुवात, अण्णासाहेबांचे गुडघे मध्ये, आणि शेवटी तरुण खांदे. लोकांनी माना हलवल्या. मागच्या भिंतीला टेकून अंबाजींनीही कबूल केल्याप्रमाणं हलवली.

विजयेंद्र उभे राहिले. गडी दिसायला चांगला, जाकीट चांगलं, आणि हातात एक कागद. पहिला नकार अण्णासाहेबांनी लिहून दिला होता, कारण विजयेंद्रांना मराठीत लांबलचक बोलायची सवय नव्हती. त्यांनी वाचून दाखवलं, "आपल्या प्रेमाबद्दल मी ऋणी आहे. पण या पदाला मी लायक नाही. आपल्या संस्थेत माझ्याहून हुशार, माझ्याहून कष्टाळू माणसं आहेत. ती वर्षानुवर्षं कसलीही अपेक्षा न ठेवता राबत आहेत. संधी त्यांना मिळाली पाहिजे. म्हणून मला क्षमा करा." आणि बसले.

हे बापूसाहेबांचंच जुनं भाषण होतं, शब्दसुद्धा तेच. पांडुरंगरावांनी ते इतक्या वेळा ऐकलं होतं की त्यांना पाठ होतं. दर वेळी ते संपता संपता पांडुरंगराव दुसऱ्या आग्रहासाठी खाकरायचे. आजही खाकरले. रुसवा आवाजात आणला. पुढं वाक्यही तयार होतं, 'मालक, असं म्हणून कसं चालंल.' आणि नजर सहज दाराकडं गेली. वर्षानुवर्षं राबणारी, हुशार, कष्टाळू, ती तिथं गुलाबदाणी घेऊन उभी होती, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा पांडुरंगरावांना वाटलं की हा माणूस बोलतोय ते खरंय. अक्षर न अक्षर खरंय. लायक नाही म्हणतोय, तर नाहीच आहे. मग असं म्हणून न चालायला काय झालं?

त्यांचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येईना. साठ माणसं त्यांच्याकडं बघत होती. अण्णासाहेब खोकले. पुन्हा खोकले. पांडुरंगरावांनी तोंड मिटून घेतलं आणि आपल्या अनवाणी पायांकडं बघत बसले.

अशा वेळी व्यापारी माणसाचं डोकं सगळ्यांच्या आधी चालतं. वीरभद्रप्पा उठले आणि स्टेजवरच्या कन्नडात आधी, आणि मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत म्हणाले, "असं मोठं मन आम्ही कुठं बघितलं न्हाई. आजकाल खुर्ची कोण सोडतंय हो? साहेबांनी सोडली. आपण सगळ्यांनी साहेबांच्या इच्छेचा मान राखू." मल्लेश्वरी बाईंनी शाळेत वाजवायच्या तशा टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. अंबाजी मागून उठून पुढं आले आणि विजयेंद्रांच्या पाया पडले. कुणीतरी आत जाऊन तो हार आणला, आणि अध्यक्ष झाल्याबद्दलचा हार अध्यक्ष न झाल्याबद्दल त्यांच्या गळ्यात पडला. हार भारी होता. विजयेंद्रांची मान त्यानं खाली गेली, आणि ते खालूनच पांडुरंगरावांकडं बघत राहिले. त्यांना नक्की काय झालं ते कळलंच नसावं. "थँक्यू," ते म्हणाले. साठ माणसं पाच मिनिटांत बाहेर पडली, पोहे झाले होते तेही कुणी खाल्ले नाहीत.

सोमवारी पेपरात विजयेंद्रांचा हारासकट फोटो आला आणि वर 'त्यागाची परंपरा' असं छापलं. दुपारी लोकांनी कॉलेजचे रिटायर प्रोफेसर गुरुलिंग सरांना धरून त्यांचा अर्ज भरायला लावला. सर बिचारे भिडस्त माणूस. भरता भरता म्हणाले, "इनामदारांच्या घरचं कुणी उभं राहणार असेल तर मी काढून घेईन बरं का." अर्जाची मुदत मंगळवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती.

पांडुरंगरावांच्या घरी मात्र दोन दिवस जत्रा होती. रविवारी दुपारपासून माणसं पेढे घेऊन येत होती. "मानलं तुमाला," म्हणायची. "घरचं काम पणाला लावलाव. असा माणूस व्हायला पायजे." अंबाजींनी कोहिनूरहून फोन केला आणि मंजुश्रीला बोलायला दिलं, तिनं शाळेतली एक कविता म्हणून दाखवली. पांडुरंगराव सगळ्यांना हात जोडत होते. सुकन्या चहा करून आणत होती. सोळा वेळा चहा झाला, सुमतीबाईंनी सांगितलं, सतरावा मागू नका. आलेला प्रत्येक माणूस तिच्या डोक्यावर हात ठेवायचा आणि म्हणायचा, देव बघतोय बाई. ती "व्हय" म्हणायची.

सोमवारी संध्याकाळी माणसं थांबली. सुकन्या पुढच्या खोलीत खाली बसून पेपर तपासत होती. पांडुरंगराव तिच्याजवळ जाऊन बसले. दोन दिवस गर्दीत बरं वाटत होतं. आता बोलायला दुसरं कुणी नव्हतं.

"चुकलो का गं मी?"

"न्हाई अप्पा. चांगलं केलाव."

"तुझं काम झालं असतं."

"झालं असतं," ती म्हणाली आणि पुढचा पेपर घेतला.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर पांडुरंगरावांना बरं वाटलं असतं. साठ माणसांचं भलं त्यांनी केलं होतं, कोहिनूरची बावीस पोरं वाचवली होती, आणि त्याच्यासाठी लागलेलं सगळं हिच्या पानातून उचललं होतं, हिला न विचारता. लोक वाहवा त्यांची करत होते. हे त्यांना आत्ता, पेढ्यांचे रिकामे डबे समोर असताना कळलं, आणि त्यांना स्वतःची शरम वाटली.

तेवढ्यात फोन वाजला. अण्णासाहेब होते. ते ओरडले नाहीत, इनामदार ओरडत नाहीत.

"पांडुरंगराव, तुम्ही दुसऱ्यांदा विचारलं नाहीत."

"व्हय मालक. जमलं न्हाई."

"तब्येत बरी नसेल. होतं असं. आता असं करा, उद्या सकाळी दहाला परत या. तेवढीच माणसं पाहिजेत असं नाही, वीसेक चालतील. सभासदांना विजूचा त्याग मान्य नाही, असं म्हणा. गुरुलिंग काढून घेतील. आणि आदेश माझ्यापुढंच आहे, टाइप झालेला. सुकन्याचं नाव, पगार, सगळं. कार्यकारिणी आमचीच आहे, दुसऱ्या अध्यक्षापुढं हा कागद जायचा नाही. उद्या संध्याकाळीच सही होईल. विचारा घरात, मी थांबतो फोनवर."

पांडुरंगरावांनी फोनवर हात ठेवला. आतून सुमतीबाई येऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. फोनचा आवाज मोठा होता, सगळ्यांना सगळं ऐकू गेलं होतं.

"बाई," ते सुकन्याला म्हणाले, "जाऊ का उद्या? तू म्हणालीस तर जातो. वीस माणसं मी आत्ता गोळा करतो. कोण काय म्हणंल ते म्हणू दे."

सुकन्यानं पेपरवरून मान वर केली नाही. "नको," ती म्हणाली.

पांडुरंगराव जरा पुढं सरकले. "नऊ वर्षं झाली गं. परत अशी वेळ यायची न्हाई. नीट विचार कर."

"नको म्हणलं न्हवं, अप्पा."

हा नकार पहिल्याहून बारीक आला. लाल पेन एका जागी थांबलं होतं आणि कागदावर ठिपका मोठा होत होता. असे नकार पांडुरंगरावांनी जन्मभर ऐकले होते. दिवाणखान्यांत ऐकले, पंगतींत ऐकले, सोयरिकीच्या बैठकींत ऐकले, आणि कुठल्याच्या मागं काय असतं हे बीदर जिल्ह्यात त्यांच्याइतकं कुणाला कळत नव्हतं. दारातून सुमतीबाई त्यांच्याकडंच बघत होत्या. आणखी एकदाच विचारायचं राहिलं होतं.

त्यांनी फोनवरचा हात काढला. "मालक," ते घाईघाईनं म्हणाले, "पोरगी नको म्हणायली." आणि सुकन्यानं मान वर करायच्या आत फोन ठेवून दिला.